गच्चीवरच्या तारेचं नाव

"आधी नाव सांगा, मग हात लावा."

जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभं राहून, एक हात भिंतीला आणि दुसरा कठड्याला टेकवून अक्का हे वाक्य म्हणायच्या. अंगानं त्या अगदी बारीक होत्या, पण तशा उभ्या राहिल्या की जिना बंद. मग समोर पोलीस असो, रेडिओ दुरुस्त करणारा असो की कॉलेजात शिकवणारा असो. वर गच्चीवर जायचं तर खाली परीक्षा द्यावी लागे आणि परीक्षेत प्रश्न एकच असे. वर बांधली आहे ती तार कशाची?

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. आपण त्यांना हट्टी म्हणतो, तऱ्हेवाईक म्हणतो आणि मोकळे होतो. चामराजपेटेतल्या आमच्या रस्त्यानंही अक्कांना तेच म्हटलं. मला त्या रस्त्याचा अजून राग येतो, म्हणून हे लिहितो आहे.

मी बेळगावचा. शहराबाहेरच्या एका कारखान्यात तयार झालेले रेडिओ तपासून पाहायचं माझं काम होतं आणि अक्कांच्या घरामागच्या गल्लीत मी भाड्यानं राहत होतो. अक्कांचं घराणं तीनेकशे वर्षांपूर्वी इकडं कानडी मुलखात येऊन राहिलेलं. त्यांचं मराठी ऐकून मी पहिल्यांदा हसलो होतो. माझं ऐकून त्या माझ्याहून जास्त हसल्या. माझं नाव त्यांनी कधी लक्षात ठेवलं नाही, मला त्या सरळ 'बेळगाव' म्हणायच्या. "काय हो बेळगाव, जेवण झालं काय?" असं भाजीच्या गाडीपाशी सगळ्यांदेखत विचारायच्या.

त्यांचे यजमान सरकारी कचेरीत कारकून होते. दिवसभर फायली आणि संध्याकाळी वायरलेस. महायुद्धानंतर फौजेचं जे सामान भंगारात निघालं, ते गुजरी बाजारातून निवडून आणून त्यांनी स्वतः यंत्र जोडलं होतं. परीक्षा दिली होती, रीतसर परवाना घेतला होता. अशा हौशी रेडिओवाल्यांना सरकार एक नाव देतं, अक्षरांचं आणि आकड्यांचं. बोलायला सुरुवात करताना ते नाव सांगायचं, मध्ये मध्ये सांगायचं आणि संपवतानाही सांगायचं, असा त्यांचा जगभरचा नियम आहे.

"दोन गोष्टी बोलले की परत नाव," अक्का सांगायच्या. "मला वाटायचं, ह्या मनुष्याला आपलं नाव विसरायला होतंय की काय! आणि बोलणं तरी काय म्हणता? सिलोनच्या मनुष्याला विचारायचं, तुमच्याकडे पाऊस आहे काय. तो म्हणायचा, आहे. हे म्हणायचे, आमच्याकडे स्वल्प आहे. एवढ्यासाठी एवढं मोठं यंत्र!"

असं म्हणायच्या खऱ्या, पण यजमानांचं बोलणं चालू असताना त्या फोडणीसुद्धा द्यायच्या नाहीत. चुरचुर आवाज सिलोनला ऐकू जाईल म्हणून.

मग चीनची लढाई आली. देशभरातल्या हौशी रेडिओवाल्यांना बोलणं बंद करायचा हुकूम निघाला. माणसं आली, यंत्र गाडीत घालून घेऊन गेली. यजमानांनी ते स्वतः पुसून दिलं. लढाई संपली की मिळेल, असं त्यांना सांगण्यात आलं होतं. लढाई संपली, यंत्र आलं नाही, आणि वाट पाहता पाहता यजमान गेले. गच्चीवर उरली ती तार. तिला खाली जोडायला काही नव्हतं.

इथपर्यंत दुःखाची गोष्ट आहे. रागाची गोष्ट पुढं सुरू होते. यंत्र नेताना रस्त्यानं पाहिलं होतं, आणि रस्त्याला आपल्या डोळ्यांहून आपल्या जिभेवर जास्त विश्वास असतो. 'उगीच कोणाचं यंत्र नेतात काय?' असं कोणीतरी म्हणालं. पुढं ते 'चीनला बातम्या द्यायचे म्हणे' असं झालं. ज्या माणसानं जन्मात सिलोनचा पाऊस सोडून दुसरी बातमी विचारली नाही, तो गूढचारी, म्हणजे हेर ठरला. आणि हे सगळं तो गेल्यावर, म्हणजे त्याला उत्तर देता येणार नाही अशा वेळी. समोरच्या घरातले गृहस्थ तर यजमानांचे मित्र. क्रिकेटचं धावतं वर्णन ऐकायला ते अक्कांच्या घरी यायचे, तिथंच कॉफी प्यायचे. तेसुद्धा अक्कांना पाहून रस्त्याची बाजू बदलू लागले.

पुढं पाकिस्तानशी लढाई पेटली. खिडक्यांना काळे कागद लागले आणि कोणीतरी पोलिसांना अर्ज केला, की अमुक घराच्या गच्चीवर संशयास्पद तार आहे, चौकशी व्हावी. अर्ज निनावी होता.

पहिल्यांदा शिपाई आला. अक्का पायरीवर उभ्या राहिल्या.

"तार काढायची आहे अम्मा," तो म्हणाला.

"कसली तार?"

"ती, वरची."

"वरची म्हणून मलाही दिसते की. कसली म्हणून सांगा. आधी नाव सांगा, मग हात लावा."

शिपायानं डोकं खाजवलं. विजेची असेल, असं म्हणाला. अक्कांनी त्याला पाणी दिलं आणि परत पाठवलं. मग त्याचा साहेब आला. तो म्हणाला, ह्या तारेचं तोंड उत्तरेला आहे, म्हणजे चीनच. अक्का म्हणाल्या, "माझ्या तुळशीचंही तोंड तिकडंच आहे. तिलाही घेऊन जा." मग एका रेडिओच्या दुकानदाराला आणलं. त्यानं लांबून पाहूनच सांगितलं, सिलोन ऐकायची साधी एरियल. हे उत्तर अक्कांना आवडण्यासारखं होतं, पण त्यांनी तेही नाकारलं. "साधी नाही ती. खोटं चांगलं बोललात म्हणून खरं होतं काय?"

खरोखरच ती साधी नव्हती, आणि अडचण तीच होती. यजमानांच्या जुन्या नोंदवहीत सरळ एकपदरी तार लिहिलेली होती. लढाईच्या थोडं आधी त्यांनी ती बदलली होती. सुरूच्या दोन खांबांमध्ये ताणलेल्या नव्या तारेवर, मधल्या जोडापासून दोन्ही बाजूंना सारख्याच अंतरावर, एकेक गाठोडं होतं. वीतभर लांब, मेणकापडात गुंडाळलेलं, दोऱ्यानं घट्ट बांधलेलं. ते काय आहे हे अक्कांनाही माहीत नव्हतं. यजमान म्हणाले होते, चाललं तर सांगीन. चाललं, आणि सांगायच्या आत हुकूम आला.

त्या गाठोड्यांबद्दल रस्त्याला मात्र सगळं माहीत होतं. कोणी म्हणे त्यात बॉम्ब आहे, कोणी म्हणे नकाशे. मला हसू येत नाही. ज्यांच्या घरी रेडिओ उघडून कधी धूळसुद्धा पुसली गेली नाही, ती माणसं एका बाईच्या डोक्यावर बॉम्ब टांगत होती.

एके दिवशी भाजीच्या गाडीपाशी अक्कांनी मला धरलं. "बेळगाव, तुम्ही रेडिओच्या कारखान्यात आहात म्हणे."

"आहे."

"मग वर या. हात लावायचा नाही. बघून सांगा."

मी बघितलं आणि मला सांगता आलं नाही. मध्यापासून गाठोड्यापर्यंत तारेची एक लांबी, गाठोड्यापासून टोकापर्यंत दुसरी. बाहेरून अंदाज बांधता येत होता, खात्री देता येत नव्हती. गाठोडी उघडू का म्हटलं तर त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "नाव?" मी मान हलवली. "मग उघडायचं नाही. उघडून तर कोणीही सांगेल की."

मला तेव्हा त्यांचाही राग आला होता. मदतीला आलेल्या माणसालाही तोच कायदा! खाली उतरताना मी पुटपुटलोसुद्धा. पण पहिल्या पायरीपाशी आल्यावर त्या म्हणाल्या, "बेळगाव, तुम्ही उघडलं की पोलीसही उघडणार. मग म्हणणार, आम्ही आत काहीतरी बघितलं. ह्यांचं नाव परत कसं यायचं मग?" त्या दिवशी मला कळलं की ह्या बाईला तार वाचवायची नाही, माणूस वाचवायचा आहे.

कारखान्यात डिप मीटर नावाचं एक उपकरण होतं. हातात धरता येतं, पुढच्या टोकाला तारेचं लहान वेटोळं असतं. ते दुसऱ्या वेटोळ्याच्या जवळ नेऊन चकती फिरवत गेलं, की दोघांची लहर जिथं जुळते तिथं तबकडीवरची सुई एकदम खाली बसते. स्पर्श करावा लागत नाही. साहेबांची परवानगी काढून मी ते घेऊन आलो.

तार खाली घ्यायचा हक्क फक्त अक्कांचा. त्यांनी कप्पीवरची दोरी स्वतः सैल केली आणि तार माझ्या छातीपर्यंत उतरवली. मी उपकरण गाठोड्याजवळ धरलं, चकती फिरवली. सुई हलेना. पुन्हा फिरवली, हळू. वीस मीटर लांबीच्या लहरींच्या पट्ट्याशी आल्यावर सुई धाडकन बसली. दुसऱ्या गाठोड्याजवळ गेलो, त्याच जागी पुन्हा बसली.

"अक्का, नाव सांगतो," मी म्हणालो. "ही ट्रॅप एरियल आहे. एकाच तारेवर दोन पट्टे, वीस मीटरचा आणि चाळीसचा. ह्या गाठोड्यांच्या आत तांब्याच्या तारेचे वेढे असणार. वीसची लहर आली की ते तिला पुढं जाऊ देत नाहीत, मधली तार तेवढी काम करते. चाळीसची आली की तिला सोडतात आणि सगळी तार काम करते."

त्यांना कळलं की नाही, कोण जाणे. मी म्हटलं, "तुम्ही जिन्यावर करता तेच की. एकाला अडवायचं, एकाला सोडायचं."

त्या हसल्या. "म्हणजे हे माझ्याकडनं शिकले म्हणा." मग पदर डोळ्यांना लावून म्हणाल्या, "सरी, ठीक झालं. आता त्यांना येऊ द्या."

ते आले. वायरलेसच्या कचेरीतला एक मोठा अधिकारी, त्याच्यासोबत पोलीस, आणि जीपभोवती सगळा रस्ता. तार उतरवून नेण्याचा हुकूमच घेऊन आले होते. अक्का पायरीवर उभ्या होत्या, मी त्यांच्या मागं. पुढचं सगळं कन्नडात झालं, मी तुम्हाला मराठीत सांगतो.

"नाव?" अक्कांनी विचारलं.

अधिकाऱ्यानं माझ्याकडं पाहिलं. मी सुई कुठं बसली ते सांगितलं. तो माणूस अडाणी नव्हता. त्यानं मान डोलावली आणि म्हणाला, "असं असेल तर ट्रॅप एरियल. पण उघडून पाहायला हवं."

"नाव सांगितलंत. आता या," अक्का म्हणाल्या आणि हात बाजूला घेतला. इतके दिवस त्या हातानं अडवलेला जिना सरकारी माणसांना पहिल्यांदा मोकळा झाला.

अधिकाऱ्यानं चाकूनं दोरा कापला, मेणकापड सोडलं. आत तांब्याच्या तारेचे सुबक वेढे होते, बाजूला एक कंडेन्सर. वेढे लाकडाच्या एका गोल दांड्यावर गुंडाळलेले होते. दांडा मेणात उकळून घेतलेला, गुळगुळीत, आणि एका टोकाला निमुळती मूठ.

अक्का पुढं वाकल्या. "हे माझं लाटणं आहे," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या गाठोड्यात लाटण्याचा दुसरा अर्धा भाग निघाला. पोलीस हसले, मीही हसलो. अक्का हसल्या नाहीत. मला नंतर कळलं ते असं. त्यांची धाकटी जाऊ त्याच रस्त्यावर चार घरं पलीकडं राहायची. शिसवी लाटणं नाहीसं झालं तेव्हा अक्कांनी ते जावेनं नेलं असं ठरवलं होतं, तसं तिला तोंडावर बोलल्या होत्या आणि तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद होतं. लाटणं आपण कापलं हे सांगायचा यजमानांना धीर झाला नसावा. एरियल चालली की सांगीन, असं त्यांनी म्हटलं होतं ते बहुधा ह्यासाठीच.

अधिकाऱ्यानं चाकू मिटला आणि माझ्याशी इंग्रजीत, हलक्या आवाजात बोलला. अगदी कायदेशीर हौशी एरियल आहे, खाली यंत्रही नाही, हिला हात लावायचं कारण नाही, प्रकरण मिटलं. आणि तो जिन्याकडं वळला.

अक्का त्याच्याआधी जिन्याशी पोचल्या होत्या. या वेळी वरच्या पायरीवर. एक हात भिंतीला, एक कठड्याला.

"त्याच्या कानात काय सांगितलंत?"

"सगळं ठीक आहे अम्मा. मिटलं."

"तुमचं मिटलं. खाली उभे आहेत त्यांना कोण सांगणार? ते मोठ्यानं बोलले होते. तुम्ही हळू कशाला बोलता?"

"आम्ही तसं जाहीर करत नसतो."

तेव्हा अक्का जे बोलल्या ते माझ्या मनातून जात नाही. "ऐका म्हटलं. आमचे यजमान त्या खुर्चीवर बसले की आधी आपलं नाव सांगायचे. बोलताना नाव, उठताना नाव. मी चुलीपुढं बसून ऐकलंय सगळं. चोरून काम करणारा मनुष्य असं नाव सांगत बसतो काय? आणि तुमच्याकडे आलेला तो अर्ज. त्याच्याखाली नाव कुठाय? दाखवा. रोज नाव सांगणारा गूढचारी, आणि ज्याला एकदा नाव लिहायचं धैर्य झालं नाही तो देशभक्त? हा कुठला न्याय म्हणून सांगा!"

त्या बारीक बाईचा आवाज रस्त्याच्या टोकापर्यंत गेला.   अधिकारी कठड्याशी गेला, खाली पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाला, "इदु रेडिओ एरियल. तप्पु एनू इल्ल. अवरु गूढचारि अल्ल." ही रेडिओची एरियल आहे, यात काही गैर नाही, ते गूढचारी नव्हते. एवढंच, पण त्यानं ते म्हटलं. त्याच्याबद्दल मला तेवढा आदर आहे.

रस्ता पांगला. एकही माणूस वर आला नाही. चुकलं म्हणून कोणी म्हणालं नाही. ज्यांनी बॉम्ब टांगले होते ते घरी जाऊन निवांत कॉफी प्यायले असतील. समोरचे गृहस्थ आपल्या दारातून आत गेले आणि दार लागलं. तेव्हा माझ्या हाताला खाज सुटली होती, खोटं कशाला सांगू?

अक्का मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी निघाल्या आणि जावेच्या खिडकीखाली रस्त्यावर उभ्या राहिल्या. दुधाच्या रांगेतली माणसं पाहत होती. "ऐकतेस काय गं," त्यांनी हाक मारली. "लाटणं तू नेलं नव्हतंस. मी तुला चोर म्हटलं. चूक माझी. सगळ्यांनी ऐका, चूक माझी."

जाऊ खिडकीत आली. तिनं गज धरून खाली पाहिलं. मग म्हणाली, "एवढं ओरडायला काय झालं? आत यायचं की."

"म्हटलं होतं तेही ओरडूनच की," अक्का म्हणाल्या.

दोघी मिळून गच्चीवर आल्या. त्यांनी नवं मेणकापड आणलं होतं. अक्कांनी धरलं, जावेनं दोरा गुंडाळला, आणि लाटणं परत आभाळात गेलं. मी म्हटलं, तारेला खाली जोडायला यंत्र नाही, आता उतरवली तरी चालेल. अक्कांनी माझ्याकडं नुसतं पाहिलं आणि दोरीची गाठ आणखी घट्ट केली. यंत्र परत मिळावं म्हणून त्यांनी नंतरही खेटे घातले. ते कुठल्या तरी कोठारात गंजलं असेल. त्याचा जाब कोणी दिला नाही, आणि मला वाटतं कोणी देणारही नव्हतं.

पुढं काही वर्षांनी अक्का गेल्या, दुखणं न काढता. घरात माणसं दाटली होती. जाऊ आत बसली होती, मी अंगणात उभा होतो. तेवढ्यात समोरचे गृहस्थ आले. आता थकले होते. त्यांनी माझा दंड धरून मला बाजूला घेतलं, इकडंतिकडं पाहिलं, आणि माझ्या कानाशी येऊन अगदी हळू म्हणाले, "तो अर्ज मी केला होता."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आता सांगता? जिला ऐकायचं होतं ती आत आडवी झाल्यावर? आणि तेही कानात?

"मला सांगू नका," मी म्हणालो. "तो जिना आहे. वर जा, कठड्याशी उभे राहा, तुमचं नाव सांगा, आणि मग रस्त्याला ऐकू जाईल असं हे सांगा."

ते जिन्यापर्यंत गेले. जिना मोकळा होता. पहिल्या पायरीवर आता कोणी उभं नव्हतं, भिंतीला टेकलेला हात नव्हता, नाव विचारणारं कोणी नव्हतं. त्यांनी एकदा मान वर करून तारेकडं पाहिलं, आणि अंगणातल्या गर्दीत आपल्या चपला शोधू लागले.